हात वर करण्याआधी

अन्याय वैशाली कांबळेवर झाला. २००३ सालच्या डिसेंबरात, शेवटच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, टेबलावरचा चहा अजून गरम असताना. आम्ही दोघी तेव्हा दहावीत होतो. तिच्या हातात एक सीडी होती आणि समोर दोन कॉम्प्युटर मांडून ठेवलेले होते. सीडी आत घालायची, तिच्यातलं मॉडेल उघडतंय का, फिरतंय का ते बघायचं आणि मग कुठली मशीन घ्यायची ते ठरवायचं, एवढंच काम होतं. ते झालं नाही. सीडी तिच्या हातातच राहिली आणि हात वर झाले.

मी हे पत्रक लिहिल्यासारखं लिहिते आहे, हे मला कळतं. कॉलेजात गेल्यापासून मी पत्रकंच लिहीत आले. एसटीचे पास, वसतिगृहातलं पाणी, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी. पत्रकाचा एक नियम असतो. कुणावर, कुठे, कधी, हे पहिल्याच ओळीत यायला पाहिजे, नाहीतर माणूस त्या कागदावर भेळ खातो. मग शेवटी मागणी. मधे फार रेंगाळायचं नाही. पण या वेळी मी पहिली ओळ लिहिली आणि मागणीपर्यंत पोचताच येईना. मधे एक अख्खा हंगाम आडवा आला.

तो हंगाम परत आलाय, हेच कारण. सकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेले तर पांढऱ्या ओढणीवर साखर कारखान्याच्या धुराड्याची काळी भुकटी बसलेली. बोटानं झटकली की पसरते, फुंकली की जाते. इथल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या लागल्यात, ट्रॅक्टरवाला गाणी एवढी मोठ्यानं लावतो की मागचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. नदीपलीकडनं गुऱ्हाळाचा वास येतो, गोड आणि थोडा करपलेला. पेठेत दोऱ्या बांधून फुटबॉल संघाच्या पताका लागल्यात. आणि कोपऱ्यावर एक नवा फलक लागलाय, त्यावर पंधरावीस हसरे चेहरे आणि खाली मोठ्या अक्षरात: आपल्या शाळेत नवी अद्ययावत डिझाइन आणि मॉडेलिंग लॅब. मशीनची निवड येत्या शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये. सर्वांनी यावे.

मी त्या फलकाखाली उभी राहिले. मागनं एक ट्रॉली गेली, तिच्यातनं दोन उसाची कांडं पडली, पोरं धावली. आणि मला गुलालाचा वास आला. गुलाल कुठंच नव्हता.

आमची शाळा तशी साधी, पण तिला तांत्रिक विभाग होता. आठवीपासून भूमिती वेगळी, ड्रॉइंगचा मोठा फळा वेगळा, आणि कार्यशाळेत लाकडाचा भुसा नाकात जाईपर्यंत रंधा मारायचा. त्या विभागात आम्ही मुली थोड्याच. बाकीच्या मुली शिवणाला गेल्या. वैशाली गेली नाही, कारण तिला सुई धरता यायची नाही असं तिची आई म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. तिचे वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. काळी वाळू दाबून दाबून साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळू त्यांच्या पायजम्याच्या दुमडीतनं घरी यायची आणि वैशाली लहानपणी त्या वाळूशीच खेळली. तिला जगातली प्रत्येक वस्तू आतनं दिसायची. तांब्या बघितला की ती म्हणायची, "ह्याची पोकळी कशी असंल गं?" आपण तांब्या बघतो, ती तांब्यातली हवा बघायची.

एकदा मधल्या सुट्टीत तिनं मला शाडूत समजावलं होतं. डब्यातली चपाती तशीच बाजूला ठेवून.

"हे बघ शुभे, लोखंड काय, पाण्यावानी. जागा मिळंल तिकडं जातंय. आकार लोखंडात नसतोय. आधी मोकळी जागा करायला लागती. ती चुकली की सगळं चुकलं."

"आणि मोकळी जागा कोण करतंय?"

"बाबा करतोय. पण कुठली करायची ते दुसराच कोणतरी ठरवतोय. एसीत बसून." शाडूचा गोळा तिनं तळहातावर फिरवला. "मला तिथं बसायचंय."

एवढंच. तिला कलेक्टर व्हायचं नव्हतं, परदेशी जायचं नव्हतं. ज्या खोलीत पोकळीचा आकार ठरतो, त्या खोलीत तिला खुर्ची हवी होती.

आमचे ड्रॉइंगचे मगदूम सर तरुण होते, शिरोळकडचे, घरी ऊस आणि म्हशी. शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली, एक कडक, एक मऊ. त्यांनी वैशालीची एक शीट बघितली होती, पंपाच्या कवचाची. विहिरीवरच्या पंपाला बाहेरनं जे बिडाचं कवच असतं ते गोगलगाईसारखं असतं, सुरुवातीला अरुंद, वळत वळत रुंद होत गेलेलं. ते कागदावर काढणं चांगल्या चांगल्यांना जमत नाही. तिनं काढलं होतं, आणि आतल्या भिंतीसकट. सरांनी ती शीट भिंतीला लावली नाही, शाबासकी दिली नाही. दोन रविवार तिला घेऊन शिरोलीत एका मित्राच्या वर्कशॉपवर गेले. तिथं थ्रीडी मॉडेल करायचा कॉम्प्युटर होता. मालकाची एकच अट, पोरांनी हात लावायचा नाही. म्हणून वैशाली शेजारी बसून सांगायची आणि सर माऊस हलवायचे. "सर, अजून बाहेर. तिथं भिंत पातळ पडली." अशी ती गोगलगाय तयार झाली आणि सरांनी ती सीडीवर उतरवून घेतली. वर्गात तिला सगळे गोगलगायच म्हणायला लागले, मॉडेललाही आणि वैशालीलाही. ती चिडायची नाही. "गोगलगाय घर पाठीवर घिऊन जाती. तुमी काय न्हेताय?" असं उलट विचारायची.

दिवाळीनंतर शाळेला एक मोठी देणगी आली आणि मॉडेलिंगची लॅब करायची ठरली. कुठली मशीन घ्यायची ते सुचवायचं काम मगदूम सरांकडं आलं. सरांनी आम्हा दोघींना घेतलं आणि एका संध्याकाळी आम्ही राजारामपुरीतल्या दुकानात गेलो. दुकानात उदबत्तीचा आणि नव्या थर्माकोलचा वास. मालक गल्ल्यावरनं उठला.

"या पावणं. शाळेला व्हय? मग हे घ्या की. स्वस्त, मस्त. शाळेत पोरं काय करत्यात ओ? घर काढत्यात, मागं डोंगर, मधनं सूर्य. त्याला हे लई झालं."

"आमच्या पोरी सूर्य काढत न्हाईत," सर म्हणाले. "पंप काढत्यात."

सरांनी सीडी घातली. थांबा म्हणणारं वाळूचं घड्याळ पडद्यावर आलं. चहा आला, पिऊन झाला. मग गोगलगाय उमटली. सरांनी ती फिरवायला घेतली तर चढावर लागलेल्या जुन्या एसटीसारखी हिसके देऊ लागली आणि अर्ध्या वळणावर अडकून बसली. मालकानं मशीनच्या डोक्यावर थाप मारली. आम्ही हसलो.

मग सरांनी दुसरं मशीन लावायला सांगितलं. दिसायला तसंच, उलट थोडं बोजडच. लावता लावता आम्हाला समजावत होते. "मेमरी म्हंजे घरातला पुढचा सोपा समजा, पंगत बसती तो. पंगत मोठी आणि सोपा लहान, तर निम्मी माणसं बाहेर ताटकळणार. आणि हे ग्राफिक्सचं कार्ड म्हंजे चित्र काढणारा वेगळा माणूस. तो नसला तर हिशेब करणाऱ्यालाच चित्र काढाय लागतंय. मग तो दोन्हीकडं मार खातोय. पडदा जाड असू दे, पण मोठा पायजे. माऊसला चाक पायजे. आणि लाइट गेली तर काम जाऊ नये म्हणून बॅटरी."

"सर, हे सगळं कमिटीत आण्णांना कसं सांगणार?" मी विचारलं.

"एवढं कशाला सांगू? बैल दावणीला बांधलेला बघून कोण घेतंय का? जू मानंवर ठेवून बघत्यात. मशीन पण तसंच. आधी काम समोर ठेवायचं, मग मशीन जुपायचं."

दुसऱ्या मशीनवर गोगलगाय फिरली. आवाज नाही, हिसका नाही. भोवऱ्यासारखी, पण आपल्या मनाच्या वेगानं. सर उठले आणि वैशालीला म्हणाले, "बस." ती ओढणीला हात पुसून बसली. तिनं पहिल्यांदाच माऊस धरला होता. तिनं कवच उभं केलं, आडवं केलं, मग सरांनी दाखवल्याप्रमाणे मधोमध कापलं आणि आत शिरली. खरंच, आत शिरल्यासारखं वाटायचं. दोन्ही बाजूंनी राखाडी भिंती, वळत गेलेल्या.

"शुभे, बघ की," ती हळू म्हणाली. "बाबा रोज हे करतोय आणि त्याला आत कधी बघायलाच मिळत न्हाई. वाळू भरली की झाकतोय. लोखंड थंड झालं की फोडतोय. मधलं कुणीच बघत न्हाई."

दुकानाच्या काचेवर बाहेरच्या रस्त्याचे दिवे सरकत होते. मला तिचा चेहरा काचेत दिसत होता, पडद्याच्या उजेडात निळसर. माणूस एखाद्या ठिकाणी पोचला की कसा दिसतो ते मी तेव्हा बघून ठेवलंय. नंतर पुष्कळ सभांत, मोर्चांत मी तो चेहरा शोधला. क्वचित सापडतो.

आता आण्णा. शाळेचे अध्यक्ष. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला बसले तर हात चालत नाही, आणि चांगलं लिहिलं तर वैशालीचा अपमान होतो. तरुणपणी अनवाणी फुटबॉल खेळलेले, एक गुडघा कायमचा वाकडा. वादळात शाळेचा पत्रा उडाला तेव्हा तो गुडघा घेऊन स्वतः वर चढलेले. रोज प्रार्थनेला हजर. कुठल्याही पोराला नावानं हाक मारायचे आणि सोबत एक शिवी, प्रेमाची. पेठ म्हणजे त्यांचा जीव. पलीकडच्या पेठेचा संघ हरला की ते त्या दिवशी दोनदा जेवायचे, असं लोक सांगायचे.

आणि पलीकडच्या पेठेतल्या शाळेनं आमच्या आधी कॉम्प्युटर बसवले होते. बारा.

त्या शनिवारी हॉलमध्ये दुकानदारानं दोन्ही मशीन आणून मांडली. देणगीच्या पैशात हलकं मशीन घेतलं तर वीस येणार होती, भारी घेतलं तर आठ. कमिटीचे लोक खुर्च्यांवर, आम्ही दोघी भिंतीला टेकून. लांबनं मैदानातला ओरडा ऐकू येत होता, सामना चालू होता, त्यामुळं निम्म्या लोकांचे कान तिकडंच. सरांनी आठ मशीनचं सांगितलं. प्रत्येक मशीनवर तिघांनी आळीपाळीनं बसायचं.

"मगदूम," आण्णा म्हणाले, "पलीकडच्यांनी किती बसवल्यात?"

"बारा."

"आणि तुमी म्हणताय आठ. आरं बाराला आठ म्हंजे सरळ सरळ हारच की!"

हॉल हसला. सरही थोडं हसले. मग म्हणाले, "आण्णा, तालमीत वीस पोरं हायत म्हणून कुस्ती मारता येती व्हय? एक तयारीचा लागतोय."

"कुस्तीला एक लागतोय, मगदूम. मिरवणुकीला वीस लागत्यात."

यावर टाळ्या पडल्या. वाक्य होतंच तसं. टाळ्या ओसरल्यावर मागनं एक सदस्य बोलले, त्यांचं नाव मी घेणार नाही, तो माणूस आजही मला रस्त्यात भेटला की चौकशी करतो. ते म्हणाले, "आणि ह्या पोरी काय पंप करणार हायत? टायपिंग शिकू देत. कुठंतरी हापिसात चिकटतील. फाउंड्रीवाल्याच्या पोरीला एवढं मिळालं तरी लई झालं."

वैशालीनं वर बघितलं नाही. ती सीडीच्या कव्हरवरचा एक ओरखडा अंगठ्यानं घासत होती.

"निदान चालवून तरी बघा," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मॉडेल आणलंय. पोरगी आलीय. दोन्हीवर लावू. मग तुम्ही म्हणाल तसं."

आण्णा उठले. वाकड्या गुडघ्यानं हलक्या मशीनपाशी गेले आणि बटण दाबलं. पडदा निळा झाला.

"लागला की!" ते म्हणाले. खरंच आनंदानं म्हणाले. "आणि काय चालवायचं राहिलं? वीसला कोण कोण?"

हात वर झाले. कुणाच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. सामन्यात गोल झाला असावा, बाहेर एकदम आरोळी उठली, आणि दोन-तीन हात त्या आरोळीबरोबरच वर गेले असं मला आजही वाटतं. आण्णांनी आमच्याकडं बघितलं. "पोरींनो, चहा घ्या आणि जावा घराला. वीस येणार हायत, वीस! नाचा आता!"

आम्ही चहा घेतला. नाही म्हणायचं असतं हे तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

संक्रांतीनंतर लॅबचं उद्घाटन झालं. हलगी वाजली, उंबऱ्यावर नारळ फुटला, प्रत्येक पडद्याला झेंडूचा हार. ओवाळणीचं ताट वैशालीच्या हातात दिलं, कारण ती तांत्रिकमधली हुशार मुलगी. तिनं वीसच्या वीस मशीन ओवाळली. आणि मग कुणीतरी, सवयीनं, दुसरं काय, गुलाल उधळला. सामना जिंकला की उधळायचा, निवडणूक जिंकली की उधळायचा, मग लॅब जिंकल्यावर का नाही? खोली लाल झाली. गुलाल कीबोर्डच्या फटींत गेला, मशीनच्या पाठीमागच्या जाळ्यांत गेला, आत पंखा होता त्यानं तो ओढून घेतला. पुढं कितीतरी दिवस टाइप केलं की बोटांची टोकं गुलाबी व्हायची. पेठ जिंकली होती. वीसला बारा.

दुसऱ्या दिवशी वैशालीनं सीडी घातली. वाळूचं घड्याळ आलं. घंटा झाली, तास संपला, दुसरा वर्ग येऊन दारात उभा राहिला, घड्याळ तसंच. सरांनी मग मॉडेल सोलायला घेतलं. आतली भिंत काढली, गोलाई कमी केली, बारीकसारीक टाकून दिलं. अखेर नुसतं टरफल राहिलं. ते हिसके देत का होईना फिरलं. पण कापता येईना आणि आत बघता येईना. जे बघायचं होतं तेवढंच नेमकं गेलं होतं. वैशाली एकदा म्हणाली, "घरात वाळू, हितं पण वाळू." आणि पडद्यावरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. एवढाच विनोद तिनं त्या दिवसांत केला.

फेब्रुवारीत शिरोलीतल्या एका वर्कशॉपनं दहावीची काही मुलं शिकाऊ म्हणून घ्यायचं ठरवलं. डिझाइनच्या खोलीत. मुलीही चालतील असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. वैशालीच्या वडिलांनी ती बातमी आणली आणि घरात कुणाला न सांगता तिच्यासाठी नवी चप्पल आणली. चाचणीला मी तिच्यासोबत गेले. हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आमची बस मुंगीच्या पावलानं. ती खिडकीला डोकं टेकून बोटानं काचेवर गोगलगाय काढत होती.

काचेच्या भिंतीतनं मला आतलं दिसत होतं. चाचणी घेणारा माणूस वाईट नव्हता. त्यानं तिच्यापुढं एक मॉडेल उघडून दिलं आणि सांगितलं, हे फिरव, मधोमध काप, भिंत कुठं जाड आहे ते दाखव. वैशालीनं माऊस धरला. चाक फिरवलं तर मॉडेल उडून पडद्याबाहेर गेलं. परत आणायला गेली तर टिंब एवढं झालं. तिचे खांदे वर आले, मान पुढं गेली. शेजारचा मुलगा घरच्या कॉम्प्युटरवर शिकलेला, त्याचा हात असा चालत होता जसा आपला भाताच्या ताटात चालतो. वैशालीनं शेवटी कागद मागितला. तो माणूस समजुतीनं म्हणाला, "बाळ, कागदाचे दिवस गेले."

बाहेर आल्यावर ती गेटजवळच्या दगडावर बसली. चप्पल काढून त्यातली वाळू झटकली. मग म्हणाली, "मला आकार येतोय. मला ते फिरवायला येत न्हाई. आणि त्यांनी आकार इचारलाच न्हाई."

मी तिच्याशेजारी दगडावर बसले. समोरनं ट्रॉल्या जात होत्या. कुठल्याशा ट्रॅक्टरवर लावणी लागली होती.

मी पत्रकं वाटते तेव्हा लोक पहिला प्रश्न विचारतात, "ह्यात खाल्लं कुणी?" कुणी खाल्लं नाही. हेच तर अवघड आहे. चोर असता तर मी त्याचं नाव ठळक छापलं असतं आणि मोकळी झाले असते. इथं सगळे हात स्वच्छ होते आणि सगळे वर गेले होते. पेठेवरच्या मायेनं गेले, ईर्ष्येनं गेले, आणि थोडे, हे मी गिळणार नाही, "फाउंड्रीवाल्याच्या पोरीला एवढं लई झालं" म्हणून गेले. ते वाक्य बोलला एक, पण त्याला "गप्प बस" कुणी म्हटलं नाही. माया आणि ईर्ष्या या दोन्हींच्या खाली ते वाक्य बसलेलं होतं, बैठकीच्या सतरंजीखाली ओल असावी तसं. शाळेला मशीन हवीत हे सगळ्यांना पटलं होतं. मशीनपुढं कोण बसणार आहे, एवढंच कुणाच्या डोळ्यांपुढं नव्हतं.

आण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. अख्खी पेठ मागं होती, पलीकडच्या पेठेतलेही आले, संघांनी सराव बंद ठेवला. मी पण गेले होते आणि रडले होते. त्यांचा फोटो लॅबमध्ये लावलाय. खाली वीस मशीन कापडाखाली झाकून ठेवलेली, बहुतेक बंद. एकाचं कापड उचलून बघितलं मी. कीबोर्डच्या फटीत गुलाल आहे अजून.

फलक बघितल्यावर मी कबनूरला गेले. वैशाली दहावीनंतर मामाकडं गेली ती तिथंच राहिली. मागाच्या कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या छोट्या नळ्यांवर गुंडाळायचं. आत मागांचा एवढा खडखडाट की प्रत्येक शब्द ओरडून बोलावा लागतो. दुःखाच्या गोष्टीसुद्धा. तिचे हात थांबत नव्हते. सूत कुठं तुटतंय ते तिला न बघता कळत होतं.

"लिव की!" ती ओरडली. "नाव घालून लिव. पण मला बिचारी केलीस तर बघ! काम वाईट न्हाई हे. माझं हाय."

"मग मागायचं काय?" मी ओरडले.

"माझ्यासाठी काय मागतीस? गेलेला हंगाम परत येतोय व्हय?" तिनं एक भरलेली नळी काढून टोपलीत टाकली. "प्रज्ञी आता नववीत हाय. त्याच शाळेत, तांत्रिकला. आत बघायची खोड तिला पण लागलीया. तिचा हात बसू दे. एवढंच."

प्रज्ञा म्हणजे तिची धाकटी बहीण, त्या डिसेंबरात पाळण्यात होती.

चहाच्या वेळी माग थांबले. इतकी शांतता झाली की कानात दुखलं. वैशालीनं आपल्या पिशवीतनं जेवणाच्या डब्याखालची एक चपटी डबी काढली. मी येणार म्हणून आणून ठेवली होती. आत ती सीडी होती.

"अजून चालते?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? मोठ्या मशीनमधी घालून पुन्हा बघितलंय कुणी?"

सीडी आता माझ्या टेबलावर आहे. चालली नाही तर मगदूम सरांनी मूळ मॉडेल जपून ठेवलंय, केस पांढरे झाले तरी दोन पेन्सिली खिशात आहेतच. त्यांना मी विचारलं, शनिवारी तुम्ही बोलणार ना? म्हणाले, "मी बोललो की लोकांना मागचं सगळं पाठ हाय. पुढचं वाक्य माझ्या आधी तेच म्हणत्यात. तुमी लोकं या." या वेळची ईर्ष्या वेगळी आहे, एवढंच. या वेळी पडदे किती पातळ आणि भिंतीवरचा पडदा किती मोठा, यावर चर्चा चालू आहे. पलीकडच्या शाळेत म्हणे सिनेमाएवढा लावलाय.

म्हणून मागणी. ती कमिटीकडं नाही. ती तुमच्याकडं आहे. तुम्ही या शाळेत शिकलात, तुमची पोरं इथं शिकतात, किंवा तुम्ही नुसतेच या पेठेतनं जाता-येता आणि शनिवारी सामना बघायला जाणार आहात. सामन्याच्या आधी हॉलमध्ये या. आण्णांच्या फोटोला नमस्कार करा, मीही करणार आहे. मग जे मशीन मांडलं असेल त्याच्यापुढं प्रज्ञा कांबळेला बसवा. ही सीडी घालायला सांगा. मॉडेल उघडेपर्यंत थांबा, चहा निवला तरी थांबा. तिला ते फिरवू दे, मधोमध कापू दे, आत जाऊ दे. पडदा उजळला म्हणून टाळ्या वाजवू नका. किती मशीन येणार, ते तोवर विचारू नका. आणि कुणी म्हणालं की एवढं लई झालं, तर त्याला तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, गप्प बस म्हणा.

गोगलगाय फिरली तर हात वर करा. तोवर खाली ठेवा.